दीड फेरा

गाईंच्या गळ्यातली दावी सोडायचं ठरलं ते आईच्या गुडघ्यांमुळं. पाच गाई आणि दोन कालवडी. सकाळी सावलीतून उन्हात, दुपारी उन्हातून सावलीत, मध्ये दोनदा हौदावर. दर वेळी खुंट्यापाशी वाकायचं, गाठ सोडायची, जनावर ओढेल तसं चालायचं आणि दुसऱ्या खुंट्यापाशी पुन्हा वाकायचं. आईचं वय 74. मागच्या माघात एका कालवडीनं हिसडा दिला आणि आई दाव्यासकट चार पावलं फरफटत गेली. हाड मोडलं नाही, पण मनगट महिनाभर सुजलेलं होतं. त्या सुजलेल्या हातानंही ती गाठी मारत होती. ते मला बघवेना.

मुक्त गोठा म्हणजे जनावर बांधायचंच नाही. डोक्यावर छप्पर, पुढं मोकळं अंगण, मध्ये पाणी, भोवती कुंपण. गाय तिच्या मनानं उठते, बसते, पाण्यावर जाते. चालून खूर झिजतात, माजावर आलेली गाय लगेच ओळखू येते. एका मोठ्या गाईला छपराखाली साधारण 40 चौरस फूट आणि उघड्यावर त्याच्या दुप्पट जागा पुरते. माझ्याकडं गोठ्यापुढं 60 बाय 40 फुटांचा मुरमाड तुकडा पडून होता. कुंपण आणि फाटक एवढंच काम होतं.

मजूर मिळत नव्हते. तेवढ्यात पाडवा झाल्यावर बहिणीचा मुलगा आला. वय 16, दहावीची परीक्षा दिलेली, निकालाला अजून महिनाभर अवकाश. बहीण फोनवर म्हणाली, "घरात नुसता बसून राहतोय रे. जेवायला हाक मारली तरी दचकतो. तुझ्याकडं चार दिवस राहू दे." आई त्याला बारक्या म्हणते. आता तो तिच्यापेक्षा वीतभर उंच झालाय, तरी बारक्याच.

मी त्याच्या वयाचा असताना वडलांच्या हाताखाली अशीच कामं केली. वडील कष्टाळू होते, हाताला गुण होता, पण काम सांगण्याची त्यांची एकच तऱ्हा होती. "धर." धर म्हटलं की धरायचं. का धरायचं, किती वेळ धरायचं, कुठल्या बाजूनं ओढ बसणार, यातलं काही सांगायचं नाही. चुकलं की मग ओरडायचे. विशी उलटली तरी दहा वर्षं केलेल्या कामातलं अर्ध्याहून जास्त मला कळलेलंच नव्हतं. हातांना सवय झाली होती तेवढीच. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, आपल्या हाताखाली कुणी आलं तर प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायचं. माझी मुलगी शिकायला बाहेर, त्यामुळं तशी वेळ आली नव्हती. बारक्या आला आणि मला ते आठवलं.

पहिली गोष्ट तार. आमचा आटपाडी तालुका दुष्काळी. लहानपणी कुंपण म्हणजे बोराट्या आणि बाभळीच्या फांद्या, नाहीतर बांधावर ओळीनं घायपात. वर्षाला बोराट्या वाळायच्या, वाळवी लागायची, पुन्हा नव्या तोडायच्या. रानात खायलाच फार काही नव्हतं, म्हणून त्यावर भागायचं. पुढं टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंबं वाढली, मका आणि हत्तीगवत झालं, दावणीला संकरित गाई आल्या, आणि मग सगळीकडं काटेरी तार दिसायला लागली.

बारक्यालाही वाटलं आपण काटेरीच आणणार. मी नाही म्हटलं. कारण डोळ्यांनी बघितलेलं आहे. आमच्याकडं एक म्हैस होती, दोन्ही वेळचं मिळून दहा लिटर दूध द्यायची. शेजारच्या रानात हिरवं दिसलं म्हणून ती काटेरी तारेवरून ओलांडायला गेली. पुढचे पाय गेले, पोट गेलं, आणि कास अडकली. डॉक्टरांनी टाके घातले, पण एक सड कायमचा गेला. त्या रात्री गोठ्यात कंदील धरून मी उभा होतो. म्हैस ओरडत नव्हती, नुसती थरथरत होती. बांधावर माणसासाठी, डुकरासाठी काटेरी तार लावायची तर लावा. दुभत्या जनावराच्या अंगणाला ती लावू नये असं माझं ठाम मत आहे. तिथं ते दिवसभर अंग घासणार, वासरं तारेला टेकून झोपणार.

"पण ही तार लढाईसाठी काढलेली ना?" त्यानं विचारलं. युद्धाच्या चित्रांत त्यानं ती पाहिली होती. मी सांगितलं, लढाईत ती नंतर गेली, आधी आली ती गुरांसाठीच. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याला 1874 साली तिचं पेटंट मिळालं. तिकडच्या गवताळ माळावर ना कुंपणाला लाकूड, ना दगड. साधी तार लावली तर गुरं रेटून पार जायची. म्हणून त्यानं दोन तारांच्या पिळात काटा अडकवला. बारक्या थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग आपली साधी तार गुरं रेटून पाडतील की."

बरोबर प्रश्न होता. त्याचं उत्तर म्हणजे ताण. सैल तार जनावर रेटतं, ताठ तार त्याला परत ढकलते. ताण धरायला कोपरे पक्के लागतात. एकेका तारेत 100 किलोचा ताण धरला तर सहा तारा मिळून 600 किलो कोपऱ्याच्या खांबाला रात्रंदिवस ओढत राहणार. मधले खांब नुसते तारेला हात देतात. कुंपण उभं असतं ते कोपऱ्यांवर.

तार आणली 8 गेजची, झिंक चढवलेली, साधारण चार मिलिमीटर जाड. आकडा लहान आणि तार जाड कशी, हे त्याला पटेना. तार ओढून बारीक करतात, एका भोकातून, मग त्याहून लहान भोकातून. जितक्या वेळा ओढली तितका आकडा मोठा. त्यावर त्यानं मान हलवली आणि उरलेल्या तुकड्यांत 8 आणि 12 गेज बोटांनी चाचपत बसला.

आखणी करताना एक मजा झाली. मी खुंटी ठोकली, दोरीवर 6 फुटांची आणि 8 फुटांची खूण केली, आणि त्याला म्हटलं, तिरकं माप 10 आलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. तो दोरी हातात धरून तसाच थांबला. "मामा, हे पायथागोरस आहे." परीक्षेत त्यानं हे प्रमेय लिहिलं होतं, पण दोरीत कधी बघितलेलं नव्हतं. मग त्यानंच मातीत बोटानं आकडेमोड केली. 60 आणि 40 ला कर्ण किती? 72 फूट आणि वर सव्वा इंचाहून जरा जास्त. दोन्ही कर्ण मोजले तर एकात पाच इंचांचा फरक. खुंटी हलवली, पुन्हा मोजलं, पुन्हा हलवली. चौथ्या वेळी दोन्ही जुळले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तो आला त्या दिवसापासून पहिल्यांदा पोटभर जेवला. आई मला खुणेनं ताट दाखवत होती.

खड्डे खणायला पाच दिवस गेले. वर वीतभर माती, खाली मुरूम, आणि त्याच्या खाली मुरूमच, पण दगडासारखा. पहार मारली की ठिणगी उडायची. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर, मधलं ऊन अंगावर घ्यायचं नाही. मधल्या खांबांना दोन फूट, कोपऱ्याला तीन, फाटकाच्या खांबाला साडेतीन. याच दिवसांत मेंढरं घेऊन एक म्हातारबाबा शेजारच्या रानात उतरले होते. मेंढरं बसवली की रानाला खत मिळतं, म्हणून शेतकरीच त्यांना बोलावून घेतात. संध्याकाळी त्यांच्या घरच्या बायांनी चार मेखा ठोकल्या, वाघर ताणली, आणि बघता बघता सगळा कळप जाळीच्या आत. बाबा आमच्या खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहिले, आत डोकावले आणि म्हणाले, "लई खोल खांदताय. आमी रोज उपाटतो." बारक्याला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो वाघर काढताना बघायला मुद्दाम लवकर उठला.

फाटकाच्या खांबांसाठी बोअरच्या केसिंगचे दोन जुने पाईप घेतले. काँक्रीट एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी. पायथा जमिनीच्या वर चार बोटं उचलून चारी बाजूंनी उतरता केला, कारण लोखंड गंजतं ते नेमकं मातीच्या तोंडाशी, आणि गोठ्यात तर तिथं गोमूत्र साचतं. बारक्यानं तो उतार थापीनं इतका निगुतीनं केला की मी बघत राहिलो.

आणि तोच खांब रात्रीत वाकडा झाला.

संध्याकाळी ओळंब्यात होता. टेकूची एक दोरी बांधायची राहिली होती. ती बांधायचं मी त्याला सांगितलं होतं आणि तो विसरला होता. रात्री कशानं तरी धक्का लागला असेल, सकाळी ओळंबा सोडला तर डोक्याशी दीड इंचाचा फरक. कडीच्या बाजूला झुकलेला. बारक्या तिथंच मटकन बसला. तोंड पांढरं पडलं. "मला काहीच धड जमत नाही," असं तो म्हणाला, आणि ते खांबापुरतं नव्हतं हे मला कळलं.

माझ्या घशाशी वडलांचा आवाज आला होता. खोटं कशाला सांगू, शब्द अगदी ओठांवर होते. मी विहिरीवर जाऊन तोंड धुतलं आणि पहार घेऊन आलो. काँक्रीट अजून कच्चं होतं. दोघांनी मिळून फोडलं, खांब काढला, खड्डा साफ केला. त्यात अख्खी सकाळ गेली. दोरी का लागते ते मी सांगितलंच नव्हतं, नुसतं "बांध" म्हटलं होतं. त्या दिवशी सांगितलं. काँक्रीट वरून कडक दिसतं, आत ते दोन-तीन दिवस लेकरासारखं असतं, त्याला धरून ठेवावं लागतं.

फोडता फोडता तो म्हणाला, "मामा, आज्जीच्या खोलीचं दार आपोआप लागतं बघा. ती वरवंटा लावून उघडं ठेवते."

"चौकट कलली आहे त्याची. जुनं घर."

"मग खांब असा झुकलेला असला तर फाटकपण आपोआप लागंल ना?"

मी हातातली पहार खाली ठेवली. लागेल. बिजागऱ्यांची रेघ ज्या बाजूला झुकते, फाटक त्या बाजूला येऊन थांबतं. दीड इंच झुकलेल्या खांबाला 600 किलोची ओढ आणि फाटकाचं वजन झेपलं नसतं, म्हणून खांब सरळच हवा. पण बिजागरी कलवता येते. वरची खुंटी नटबोल्टाची होती. तिच्यामागं पाव इंचाचे वायसर घातले की खांब ओळंब्यात आणि रेघ कडीकडं झुकलेली. इतकी वर्षं मी फाटकं बघतोय, आईच्या एका हातात आंबोणाची बादली असते हेही रोज बघतोय, पण हे मला सुचलं नव्हतं.

तारेला वेळ लागला तो ओढण्यात. बंडलातून तार ओढून काढायची नसते, तिला पीळ पडतो आणि पीळ पडलेल्या जागी ती मोडते. बंडल जमिनीवरून गडगडत न्यायचं, तार मागं आपली आपण झोपते. दोघांनीही चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मे घातले. ताणलेली तार सुटली तर नागासारखी उलटते, ती डोळ्यात गेली तर आयुष्यभराचं होतं. याबाबतीत मी कडक होतो आणि कारणही तितक्याच कडक शब्दांत सांगितलं.

सहा तारा. खालच्या तीन जवळजवळ, आठ आठ इंचांवर, वासरू डोकं घालून निसटू नये म्हणून. वरच्या लांब. प्रत्येक तारेच्या एका टोकाला टर्नबकल, म्हणजे पान्यानं फिरवला की तार ताणणारा किंवा सैल करणारा आट्यांचा सांधा. मी पान्यानं ताण देत होतो. किती द्यायचा हे मी हातानं दाबून ठरवतो. पण बारक्या त्याच्या गावच्या भजनात पखवाज वाजवतो. त्यानं हातमोजा काढला, तारेला बोटानं छेडलं आणि कान लावला. "ही उतरलेली आहे." मग दुसरी. "ही चढली." मी दाबून बघितलं तर त्याचं बरोबर निघायचं. तिसऱ्या बाजूपासून त्यानं सांगायचं आणि मी पाना फिरवायचा. अर्धा फेरा. पाव. बास. तार वाजते तेव्हा जवळून बघावं, कडा पुसट होऊन एकीच्या जागी दोन दिसतात आणि मग हळूहळू पुन्हा एक होते.

एप्रिलचं ऊन होतं, पारा चाळिशीला. मी त्याला सांगितलं, आज मुद्दाम थोडा कमी ताण ठेवायचा. लोखंड थंडीत आकसतं. 60 फुटांची तार 30 अंशांच्या फरकानं साडेसहा मिलिमीटर आखडेल. ऐकायला काहीच नाही, पण मुळात ताठ असलेल्या तारेत तेवढ्यानं ओढ दुपटीच्या आसपास जाते आणि कोपरा झुकतो. त्यानं हे वहीत लिहून घेतलं. वही कुठून आणली होती देव जाणे, आधीची पानं भूमितीची होती.

फाटक 10 फुटांचं, शेणखत भरायला ट्रॉली आत यायला हवी म्हणून. आत उघडणारं, म्हणजे गाई टेकल्या तर ते खांबावर आणखी घट्ट बसतं. तिरका पाईप खालच्या बिजागरीपासून वरच्या कडीपर्यंत, कारण फाटक कडीच्या बाजूनं लोंबतं आणि पाईप खालून रेटा देतो. तिथं तार असती तर उलट बांधावी लागली असती, वरच्या बिजागरीपासून खालच्या कोपऱ्याकडं, कारण तार रेटत नाही, ओढते. वेल्डिंगवाल्यानं पहिल्यांदा पाईप उलटा धरला होता. बारक्यानं त्याला थांबवलं आणि का ते सांगितलं. मी काही बोललो नाही. वरची खुंटी खाली तोंड करून, खालची वर तोंड करून, म्हणजे गाईनं शिंगानं उचललं तरी फाटक निखळत नाही. शेवटी वायसर घातले, वंगण लावलं, फाटक पुरतं उघडून सोडलं. ते क्षणभर थांबलं, मग विचार करत असल्यासारखं निघालं, आणि कडी आपली आपण खाचेत पडली. टक्.

आईला बोलावलं. तिनं बादली डाव्या हातात घेतली, कोपरानं कडी उचलली, मांडीनं फाटक ढकललं आणि आत गेली. मागं टक् झालं तेव्हा तिनं वळून बघितलं. "कुनी लावलं?" कुणीच नाही म्हटल्यावर ती बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. असं तीनदा केलं.

दावी सोडली ती त्याच संध्याकाळी. मला वाटलं गाई उधळतील. त्या हलल्याच नाहीत. जिथं रोज बांधलेल्या असायच्या तिथंच, खुंट्यापासून दाव्याच्या लांबीवर, तशाच उभ्या. दावं नाही हे त्यांना कळतच नव्हतं. आठ वर्षांची आमची म्होरकी गाय मान पुढं करायची आणि दावं संपायचं तिथं आपोआप थांबायची. बारक्या म्हणाला, "मामा, तिला सांगा ना." सांगणार कसं? आईनं खुंटा उपटायला लावला. गाईनं ती भोकाची जागा हुंगली. बऱ्याच वेळानं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, मग सरळ चालत कुंपणापर्यंत गेली, तारेला नाक लावलं, फुर्र केलं आणि तारेच्या कडेकडेनं अख्खी फेरी मारून आली. कालवडी तिच्या मागं. आई पदरानं डोळे पुसत होती आणि धूळ गेली म्हणत होती.

निकाल लागला, 61 टक्के. आईनं पेढे वाटले. बारक्या अकरावीला विट्याला गेला.

डिसेंबरात एका पहाटे फोन आला. आमच्याकडं थंडी चांगलीच पडली होती, तारांवर दव होतं. "मामा, तार ऐकवा." मी फोन कोपऱ्याच्या खांबापाशी धरला आणि खालून एकेक तार छेडत गेलो. माझ्या कानाला सगळ्या सारख्याच. आई बादली घेऊन फाटकातून आत गेली, मागं कडी पडली.

"वरून दुसरी," तो म्हणाला. "लई चढलीय. दीड फेरा सोडा."

"का?" मी विचारलं.

"कोपरा झुकंल, मामा."

मी फोन खांबाच्या टोपीवर ठेवला आणि पाना लावला.